मोहलत मागण्यात लाज कसली?

रमजानच्या महिन्यात वर्तमानपत्र घरात आले की आधी पाहिली जाते ती सहरी-इफ्तारची वेळ. मराठवाड्यातील एका शहरात, दहाव्या रोजाच्या सकाळी, एका घरात ती वेळ पाहून पान उलटले गेले आणि मागच्या पानावरची दुसरीच चौकट डोळ्यांत भरली. वर ठळक अक्षरांत लिहिले होते ‘ताबा नोटीस’. खाली कर्जदाराचे नाव, थकीत रक्कम आणि घराचा पत्ता. पत्ता याच गल्लीतला होता. आदल्या रात्री तो माणूस तरावीहच्या नमाजला सगळ्यांबरोबर एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभा होता. त्याच्या घरावर काय ओढवले आहे, याची शेजारच्या माणसालाही कल्पना नव्हती.

नोटीस वाचून दाखवणारी बाई थबकली ती मात्र आपल्या नवऱ्याचा चेहरा पाहून. तो एमआयडीसी आणि शहर यांच्यामध्ये ‘छोटा हत्ती’ टेम्पो चालवतो. त्या दिवशी तो काही बोलला नाही. रात्री तरावीहहून परतल्यावर त्याने टेम्पोच्या सीटखाली ठेवलेली तीन पाकिटे आणून तिच्यापुढे ठेवली. तिन्ही त्यांच्या गृहकर्जाच्या बँकेची होती.

“कधीपासून येतायत ही?” तिने विचारले.

“दोन महिने झाले.”

“कर्जावर सही माझीही आहे ना? मग मला का नाही सांगितलंत?”

याला त्याच्याकडे उत्तर नव्हते. माल उतरवताना पायावर पेटी पडून हाड मोडले, दहा आठवडे टेम्पो दारात उभा राहिला, दवाखान्यात साठवण गेली आणि लागोपाठ तीन हप्ते चुकले. हे तिला माहीत होतेच. हप्त्यांचे तेवढे माहीत नव्हते. ते त्याने हातउसने करून भरले असतील, असा तिचा समज होता.

कर्ज लपते, मग संकटही लपते

घराचा हप्ता थकला की माणूस सर्वांत आधी गप्प होतो. यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. बँकेचा फोन आला की तो उचलत नाही, पाकीट आले की फोडत नाही, शाखेसमोरून जायचे टाळतो. मुस्लिम घरांत या गप्प राहण्याला आणखी एक पदर असतो. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध आहे. राहत्या घराच्या गरजेपोटी बँकेचे कर्ज घ्यावे का, यावर आपल्याकडील उलेमांमध्ये मतमतांतरे आहेत. पण पगारात किंवा धंद्याच्या कमाईत घर रोखीने घेणे जमत नाही, म्हणून हजारो कुटुंबे ते घेतात आणि त्याविषयी मोहल्ल्यात फारसे बोलत नाहीत. कर्जच लपवलेले असल्यामुळे त्यातले संकटही लपवावे लागते. ‘व्याजाचे कर्ज काढायला कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न ऐकण्यापेक्षा घर गेलेले परवडले, असे वाटण्यापर्यंत काहींची मजल जाते.

आश्चर्य असे की ज्या सूरह बकरामध्ये व्याजाचा सर्वांत कठोर शब्दांत निषेध केला आहे, त्याच ठिकाणी, त्याला लागूनच, कर्जदाराविषयी अतिशय मृदू आज्ञा आहे. कर्जदार तंगीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत त्याला मोहलत द्यावी आणि माफच करता आले तर ते अधिक चांगले, असा तिचा आशय. ही २८० वी आयत. तिच्यानंतर दोनच आयतींनी, २८२ व्या क्रमांकावर, कुरआनमधील सर्वांत लांब आयत येते. तिचा विषय कोणता? कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, मुदत ठरवावी, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये.

मोहलत आणि लेखी नोंद. हप्ता थकलेल्या माणसाला आज नेमक्या या दोनच गोष्टींची गरज असते.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ऐपत असूनही देणे टाळणे हा जुलूम आहे, असे पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. मृताच्या डोक्यावर कर्ज आहे का, याची ते जनाजाच्या नमाजापूर्वी चौकशी करीत. म्हणजे मोहलत ही कर्ज बुडवण्याची पळवाट नाही. देण्याची इच्छा आहे, आज ताकद नाही, अशा माणसासाठी ती आहे.

“आधी लिहून दे, बेटा”

त्या गल्लीत एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले वृद्ध कारकून राहतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुसऱ्या दिवशी इफ्तारनंतर नवरा-बायको दोघेही ती पाकिटे घेऊन त्यांच्याकडे गेले. चाचांनी आधी तारखा पाहिल्या आणि बोटांवर दिवस मोजले. पहिला हप्ता चुकून ६७ दिवस झाले होते.

“नव्वदला तेवीस दिवस आहेत. आधी लिहून दे, बेटा. तोंडी सांगितलेलं बँकेच्या फाइलीत राहत नाही.”

नव्वद हा आकडा महत्त्वाचा. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. त्याआधी ३०, ६० आणि ९० दिवसांचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर बँक खात्याकडे अधिक बारकाईने पाहते. एनपीए होण्यापूर्वी अर्ज करणाऱ्याशी बोलायला बँकेकडे वाव असतो. नंतर फाइल वसुली विभागाकडे जाते आणि शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

चाचांनी त्यांच्याकडून जो अर्ज लिहून घेतला, तो दीड पानाचा होता. वर कर्जखात्याचा क्रमांक आणि दोन्ही कर्जदारांची नावे. मग हप्ते का थकले, हे तारखांसह चार ओळींत. मग आजची महिन्याची कमाई आणि घरखर्च, खरा आकडा, न वाढवता न घटवता. मग दरमहा किती भरता येईल आणि कोणत्या महिन्यापासून. शेवटी नेमकी मागणी. ‘सहकार्य करावे’ एवढेच लिहून भागत नाही. मुदत वाढवून हवी की काही महिने हप्ता थांबवून हवा, हे सांगावे लागते.

नोकरदार माणूस पगारपत्रक जोडतो. टेम्पोवाल्याकडे, शिलाई करणारीकडे किंवा फळांच्या गाडीवाल्याकडे ते नसते. पण कागद असतात, ते गोळा करावे लागतात. या कुटुंबाने दवाखान्याची बिले आणि डिस्चार्ज कार्ड, वर्षभराचे बँक खात्याचे उतारे, टेम्पोची कागदपत्रे आणि ज्या कारखान्याचा माल तो नेतो त्यांच्या भाड्याच्या पावत्या जोडल्या. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक शाखेत दिली, दुसरीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेतला. तीच प्रत पुढे सर्वांत मोलाची ठरते. शाखेने पोच द्यायला टाळाटाळ केली, तर अर्ज स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवता येतो.

सवलतीची किंमत

बँकेने सहा महिने हप्ता थांबवण्याची विनंती फेटाळली. हे सांगायलाच हवे, कारण कर्जाची पुनर्रचना हा कर्जदाराचा हक्क नाही. ती द्यायची की नाही, हे बँक आपल्या धोरणानुसार आणि कर्जदाराची फेडीची क्षमता पाहून ठरवते. करोनाच्या काळात मात्र रिझर्व्ह बँकेने स्वतः दार उघडले होते. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली. त्यानंतर ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ मध्ये पुनर्रचनेच्या दोन योजना आल्या. त्या ठरावीक मुदतीच्या होत्या आणि त्यांचे दार आता बंद आहे. आज प्रत्येक अर्ज स्वतःच्या बळावर उभा राहतो.

या कुटुंबाला बँकेने दुसरा पर्याय दिला. एक हप्ता लगेच भरायचा, उरलेली थकबाकी पुढील काही महिन्यांत थोडी थोडी द्यायची आणि कर्जाची उरलेली मुदत दहा वर्षांवरून पंधरा वर्षे करायची. ऐकायला बरे वाटले. पण सही करण्यापूर्वी चाचांनी कागद-पेन घेतले.

समजा, १० लाख रुपये बाकी आहेत आणि व्याजदर १० टक्के आहे. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १३,२१५ रुपये येतो. पंधरा वर्षे घेतली तर तो सुमारे १०,७४६ रुपये होतो. महिन्याला जवळजवळ अडीच हजारांचा श्वास मिळतो. पण दहा वर्षांत एकूण सुमारे १५ लाख ८६ हजार भरावे लागले असते, तिथे पंधरा वर्षांत सुमारे १९ लाख ३४ हजार भरावे लागतात. मोहलतीची किंमत साडेतीन लाखांच्या घरात जाते. शिवाय क्रेडिट अहवालात हे कर्ज पुनर्रचित म्हणून नोंदले जाऊ शकते आणि पुढे नवे कर्ज घेताना ती नोंद आडवी येते.

तरीही घर लिलावात जाण्यापेक्षा हे बरे, असे त्या दोघांनी ठरवले. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी दंड घेता येत नाही. त्यामुळे पाय पूर्ण बरा होऊन कमाई सावरली की वरचे दोन-चार हजार मुद्दलात भरत राहायचे आणि पंधरा वर्षांची पुन्हा अकरा-बारा करायची, हा त्यांचा बेत आहे.

या निमित्ताने त्यांना आणखी एक गोष्ट कळली. मे २०२२ पूर्वी ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, मुदत मात्र लांबत गेली आणि ते त्यांच्या लक्षातही आले नाही. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा आणि स्थिर दराकडे वळण्याचीही सोय ठेवावी. आपल्या कर्जाची मुदत आज नेमकी किती उरली आहे, हे शाखेत जाऊन विचारायला हप्ता थकण्याची वाट पाहायची गरज नाही.

उशीर झाला, तरी सगळे संपत नाही

ज्या शेजाऱ्याची नोटीस छापून आली, तो मात्र नव्वद दिवसांच्या कधीच पुढे गेला होता. अशा घरांसाठी २००२ चा सरफेसी कायदा लागू होतो. या कायद्यामुळे बँकेला तारण घर ताब्यात घेण्यासाठी आधी दिवाणी दावा लढवावा लागत नाही. सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात स्पष्ट केले. पतसंस्थांची वसुली वेगळ्या वाटेने, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याने होते.

सरफेसी कायदा कडक आहे. पण त्याच्या पोटातही मोहलती आहेत. त्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, कलम १३(२) ची नोटीस. तिच्यात सर्व बाकी भरण्यासाठी ६० दिवस दिलेले असतात. या काळात कर्जदार कलम १३(३-अ) खाली लेखी हरकत किंवा निवेदन देऊ शकतो. बँकेला ते मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. हरकतीचा विचार करून कारणे कळवली पाहिजेत, हा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या मार्डिया केमिकल्स निकालात धरला होता. म्हणजे पुनर्रचनेचा किंवा एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव या टप्प्यावरही देता येतो. मात्र ही नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. संमती घेऊन स्वतः गिऱ्हाईक शोधले, तर लिलावापेक्षा बरा भाव येण्याची शक्यता असते.

दुसरी, ताब्याची नोटीस. ती दारावर लावली जाते आणि दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. बहुतेक वेळा हा ताबा आधी कागदोपत्री असतो आणि कुटुंब घरातच राहत असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही न्यायाधिकरणे आहेत. इथे मात्र जाणकार वकील हवा.

तिसरी, लिलावाची नोटीस. पहिल्या विक्रीपूर्वी ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. ही नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सर्व बाकी आणि खर्च भरला, तर विक्री थांबते. घर विकले गेलेच, तर बँकेची येणी वजा जाता उरलेली रक्कम, दुसऱ्या कोणाचा त्यावर हक्क नसेल तर, कर्जदाराची असते. लाजेने तोंड लपवलेली माणसे हे पैसे मागायलाही जात नाहीत.

वसुलीला येणाऱ्यांचीही मर्यादा ठरलेली आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. धमकावणे, शेजाऱ्यांसमोर अपमान करणे, नातेवाइकांना त्रास देणे नियमबाह्य आहे. त्याची तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

या टप्प्यावर दारात आणखी एक माणूस येतो. ‘तुमचे प्रकरण मिटवून देतो, आधी वीस हजार द्या,’ म्हणणारा. आणि हप्ता भरण्यासाठी जादा व्याजाने पैसे देणारा. २०१४ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. एका कर्जाचा खड्डा दुसऱ्याच्या मातीने भरला की दोन खड्डे होतात, हे बहुतेकांना उशिरा कळते.

जकातीतला एक विसरलेला वाटा

रमजानमध्ये जकात निघते. सोने, रोकड आणि व्यापारी मालाचा हिशेब होतो, अडीच टक्के बाजूला काढले जातात. कुरआनने सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकात कोणाकोणाला द्यावी, याचे आठ प्रकार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन सर्वांना आठवतात. त्याच यादीत ‘गारिमीन’ आहेत, म्हणजे कर्जाच्या ओझ्याखाली दबलेले लोक. आपल्या मोहल्ल्यांत जकात वाटताना हा शब्द फारसा आठवत नाही. त्याचे एक कारण असे की, असा कर्जदार गरीब दिसत नाही. त्याचे घर पक्के असते, मुले शाळेत जातात, अंगावर इस्त्रीचे कपडे असतात. तो हात पसरत नाही.

कोणाला, कोणत्या बाकीसाठी आणि किती द्यावे, हे जाणकार आलिमांना विचारूनच ठरवावे. पण विचारण्यासाठी आधी असा माणूस दिसला पाहिजे. जमातीत वकील असतात, निवृत्त बँक कर्मचारी असतात, मराठी-इंग्रजी अर्ज लिहिणारी मुले-मुली असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ मदरशाच्या एका खोलीत बसून त्यांनी लोकांची पाकिटे उघडून वाचून दाखवली, तरी काही घरे वाचतील. यात पैसा लागत नाही. जे कळले ते बाहेर न बोलण्याची अमानत मात्र लागते.

एका हदीसमध्ये अशा व्यापाऱ्याची हकिकत आहे, जो उधारी वसूल करायला पाठवलेल्या नोकरांना सांगे की, अडचणीत असलेल्याकडे कानाडोळा करा. त्या एका सवयीपायी अल्लाहने त्यालाही माफ केले. बँक म्हणजे असा व्यापारी नव्हे, ती तिच्या नियमाने चालते. पण माणसाला माणसाकडून जी मोहलत मिळायला हवी, ती तरी मिळावी. ‘कर्ज का काढलेस?’ असे न विचारता ‘आज कितवा दिवस आहे?’ असे विचारणारा शेजारी ही त्या मोहलतीची सुरुवात असते.

बँकेच्या पत्रावर दोघांच्या सह्या झाल्या त्या संध्याकाळी इफ्तारला त्या घरात खजूर, केळी आणि भजी एवढेच होते. मगरीबची नमाज झाल्यावर टेम्पोवाल्याने पोचेचा शिक्का असलेली आपली अर्जाची प्रत घडी करून खिशात ठेवली आणि तो चार घरे सोडून पलीकडे राहणाऱ्या त्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. ताब्याची नोटीस अजून दारावर होती. आत दिवा होता, पण दार उघडायला वेळ लागला.

“भाईजान, चाचा म्हणतात पंचेचाळीस दिवस असतात,” तो म्हणाला. “कागद घेऊन या. आज कितवा दिवस आहे, ते आधी मोजू.”